हेडसेटपर्यंतचा रस्ता

बारावीनंतरच्या करिअर मेळाव्यांत एक प्रश्न हमखास येतो: एअर ट्रॅफिक कंट्रोलरचा कोर्स कुठे मिळतो? त्याला उत्तर द्यायला तिथले अनेक स्टॉल तयारच असतात. ‘एव्हिएशन डिप्लोमा’, ‘एअरपोर्ट मॅनेजमेंट’, ‘ग्राउंड स्टाफ’ अशा अभ्यासक्रमांच्या माहितीपत्रकांवर टॉवरचे चित्र असते आणि पालक फी भरण्याच्या बेतात असतात. खरे उत्तर लहान आहे. ज्याचे प्रमाणपत्र दाखवून विमानांना सूचना देता येतील, असा कोणताही खाजगी कोर्स आज भारतात नाही. नागरी हवाई वाहतुकीचे नियंत्रण मुख्यतः भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आहे. मुंबई आणि दिल्लीचे विमानतळ खाजगी कंपन्या चालवत असल्या, तरी तिथल्या टॉवरमध्ये बसणारी माणसे प्राधिकरणाचीच असतात. भरती प्राधिकरण करते, शिकवतेही तेच. इथे आधी निवड होते आणि शिक्षण नंतर सुरू होते.

आणखी एक गैरसमज आधीच बाजूला ठेवू. विमान थांबण्याच्या जागेवर हातात चमकत्या कांड्या घेऊन इशारे करणारा माणूस कंट्रोलर नव्हे; त्याला मार्शलर म्हणतात आणि त्याचे काम वेगळे. कंट्रोलर प्रवाशांना बहुधा कधीच दिसत नाही. त्याचा आवाजही फक्त वैमानिकाला ऐकू जातो.

प्राधिकरणाच्या जाहिरातीत या पदाचे नाव ‘ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह (एअर ट्रॅफिक कंट्रोल)’ असे असते. पात्रता साधी दिसते, पण अर्ज बाद होतात ते इथेच. भौतिकशास्त्र आणि गणित हे विषय असलेली विज्ञानाची तीन वर्षांची पूर्णवेळ, नियमित पदवी हवी. किंवा कोणत्याही शाखेची पूर्णवेळ अभियांत्रिकी पदवी चालते, फक्त तिच्या एखाद्या सत्रात भौतिकशास्त्र व गणित शिकवलेले असले पाहिजे. वयाची कमाल मर्यादा 27 वर्षे, आरक्षित प्रवर्गांना नियमाप्रमाणे सवलत. बारावीच्या पातळीचे इंग्रजी बोलता-लिहिता यायला हवे. पत्राद्वारे किंवा मुक्त विद्यापीठातून घेतलेली पदवी ‘पूर्णवेळ, नियमित’ या दोन शब्दांपाशी अडते. बी.एस्सी. करताना दुसऱ्या वर्षी गणित सोडून रसायनशास्त्र घेतलेली मुले तिसऱ्या वर्षानंतर हळहळतात. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत नव्या शैक्षणिक धोरणामुळे मेजर-मायनरची रचना आल्यापासून ही काळजी वाढली आहे, कारण विषयांची जोडी आता विद्यार्थ्यालाच जुळवावी लागते. ज्याला या वाटेने जायचे आहे त्याने प्रवेशाच्या दिवशीच पाहावे की अंतिम गुणपत्रिकांवर दोन्ही विषय ठळकपणे दिसतील ना. कोणत्याही क्लासपेक्षा हा सल्ला अधिक मोलाचा आहे, असे मला वाटते.

परीक्षा संगणकावर होते. अलीकडच्या भरत्यांमध्ये 120 मिनिटांत 120 प्रश्न असे स्वरूप आहे. निम्मे प्रश्न भौतिकशास्त्र-गणिताचे आणि निम्मे इंग्रजी, तर्क, अंकगणित व सामान्य ज्ञानाचे. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. त्यानंतर कागदपत्रांची पडताळणी, आवाजाची चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी, अमली पदार्थांची तपासणी आणि वैद्यकीय तपासणी. पगाराची श्रेणी 40,000 ते 1,40,000 रुपये. भत्ते धरले तर वर्षाचा एकूण आकडा नव्या पदवीधराच्या मानाने चांगलाच भरतो. प्रशिक्षणानंतर ठरावीक वर्षे नोकरी सोडणार नाही असे हमीपत्र लिहून द्यावे लागते, आणि नेमणूक देशात कुठेही होऊ शकते. या अटींमध्ये खटकण्यासारखे काही नाही. शिकवण्याचा सगळा खर्च सरकारी संस्था करत असेल, तर तिने काही वर्षे मागणे रास्तच आहे.

माझी तक्रार परीक्षेबद्दल आहे. अवकलन आणि प्रकाशशास्त्र यांवरून उमेदवाराची बौद्धिक तयारी कळते. पण कानात एक आवाज, डोळ्यांपुढे दुसरे चित्र आणि मनात तिसऱ्या विमानाचा हिशेब हे एकाच वेळी सांभाळता येते की नाही, हे त्यातून कळत नाही. युरोपात युरोकंट्रोल या संस्थेची ‘फीस्ट’ ही चाचणी अनेक देश वापरतात. अमेरिकेतही याच हेतूची संगणकीय चाचणी आहे. तिथे उमेदवारापुढे हलते ठिपके येतात, त्यांची टक्कर टाळायची असते आणि मध्येच गणिते सोडवायची असतात. आपल्याकडे मानसशास्त्रीय चाचणी आली ही पुढची पायरी आहे, पण गुणवत्ता यादी अजून लेखी परीक्षेवरच ठरते. शेवटच्या गुणासाठी झटणारी मुले बुद्धिमान असतात यात शंका नाही. मात्र त्यांतल्या कुणाचा पिंड या कामाचा आहे हे प्रशिक्षण केंद्रात गेल्यावर कळते, आणि तोवर त्या मुलाची दोन-तीन वर्षे आणि सरकारचा पैसा खर्च झालेला असतो.

हा पिंड कशाला म्हणायचे ते कळण्यासाठी काम पाहिले पाहिजे, आणि त्यासाठी मुंबईइतके चांगले उदाहरण देशात नाही. तिथे दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्ही एकाच वेळी पूर्ण क्षमतेने वापरता येत नाहीत आणि सारा भार एका पट्टीवर येतो. गर्दीच्या वेळी त्या एका पट्टीवरून तासाला साधारण 46 विमाने उतरतात-उडतात. म्हणजे दर सव्वा मिनिटाला एक. गेल्या काही वर्षांत एका दिवसात हजारावर विमानांची ये-जा झाल्याचे दिवसही या विमानतळाने पाहिले आहेत. सुमारे 84 मीटर उंचीच्या टॉवरमधला कंट्रोलर उतरणाऱ्या दोन विमानांच्या मधल्या फटीत एक उड्डाण बसवतो. उतरलेले विमान पट्टीबाहेर पडायला दहा सेकंद जास्त घेते, तेव्हा मागच्याला ‘गो-अराउंड’, म्हणजे न उतरता पुन्हा वर जायला, सांगायचे की थांबायचे हे त्याला त्याच दहा सेकंदांत ठरवावे लागते.

टॉवरच्या आधी आणि नंतरही माणसे असतात. उड्डाणाआधीची परवानगी एक जण देतो. पार्किंगपासून पट्टीपर्यंतची जमिनीवरची वाहतूक दुसरा पाहतो. विमान उडाल्यावर ते अप्रोच नियंत्रकाकडे जाते आणि उंचीवर गेल्यावर एरिया नियंत्रकाकडे. या दोघांच्या खोलीला बहुधा खिडकी नसते. पडद्यावरच्या खुणा हेच त्यांचे आकाश. अप्रोचचे काम मला या साऱ्यांत सर्वांत अवघड वाटते. निरनिराळ्या दिशांनी, निरनिराळ्या वेगांनी येणारी विमाने एका रांगेत लावायची, आणि तीही अशी की दोघांत तीन सागरी मैल किंवा हजार फूट यांपैकी एक अंतर कायम राहील. मोठ्या विमानामागे हवेत भोवरे उरतात, म्हणून त्याच्या मागे येणाऱ्या मध्यम आकाराच्या विमानाला पाच मैल मागे ठेवावे लागते. पावसाळ्यात ढगांमुळे वैमानिक वाट बदलून मागतात आणि तासाभर जुळवलेली रांग विस्कटते. अशा वेळी चांगला कंट्रोलर बोलण्याचा वेग वाढवत नाही, शब्द कमी करतो.

मुंबईच्या जबाबदारीचा आणखी एक भाग फारसा कुणाला ठाऊक नसतो. भारताचे आकाश मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई अशा चार मोठ्या हवाई हद्दींत वाटलेले आहे. मुंबईची हद्द अरबी समुद्रावरून थेट सोमालियाच्या बाजूच्या हद्दीला जाऊन भिडते. खोल समुद्रावर रडार पोहोचत नाही. तिथे विमानाने कळवलेले ठिकाण, लांब पल्ल्याचा रेडिओ आणि उपग्रहामार्फत येणारे संदेश यांवर काम चालते, म्हणून विमानांमधले अंतर कितीतरी जास्त ठेवावे लागते. आखातातून आग्नेय आशियाकडे जाणारे, भारतात कुठेही न उतरणारे विमानसुद्धा या कंट्रोलरशी संपर्क ठेवून जाते.

निवड झालेल्या उमेदवाराला आधी वर्गात बसवतात. प्रयागराजच्या बमरौली येथील नागरी विमान वाहतूक प्रशिक्षण महाविद्यालय 1948 पासून चालू आहे. याच कामासाठी हैदराबादला आणि आपल्या गोंदियाजवळ बिरसी येथेही प्राधिकरणाची केंद्रे आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेली बिरसीची धावपट्टी आज वैमानिक आणि नियंत्रक अशा दोघांच्या शिक्षणासाठी उपयोगी पडते. विदर्भातल्या बऱ्याच विद्यार्थ्यांना याचा पत्ता नसतो, याचे वाईट वाटते. अभ्यासात हवामानशास्त्र, दिशाशोधन, विमानांचे प्रकार आणि क्षमता, हवाई कायदा, आणि आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचे नियम असतात. त्यानंतर सिम्युलेटर. तिथे बनावट आकाशात वाहतूक हळूहळू वाढवत नेतात. मध्येच एखाद्याचे इंजिन बंद पडते, एखाद्याचा रेडिओ जातो.

या काही महिन्यांनंतर तो विमानतळावर रुजू होतो, पण अजूनही त्याला एकट्याने बोलायची मुभा नसते. ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचे शिक्षण, इथून सुरू होते. प्रशिक्षणार्थी हेडसेट लावून बसतो, त्याच वाहिनीवर शेजारी प्रशिक्षक बसलेला असतो आणि कोणत्याही क्षणी वाक्य मध्येच तोडून स्वतः बोलू शकतो. सिम्युलेटरमध्ये चूक झाली की पडदा थांबवता येतो. इथे विमान थांबत नाही. या काळात हुशार मुलेही खचतात, आणि परीक्षेत मागच्या क्रमांकावर असलेली एखादी मुलगी अचानक उजवी ठरते. ठरावीक तास भरल्यावर आणि लेखी-तोंडी-प्रात्यक्षिक परीक्षा पार केल्यावर त्या जागेचे रेटिंग मिळते. हे रेटिंग त्या विमानतळापुरते आणि त्या कामापुरतेच असते. औरंगाबादच्या टॉवरचे रेटिंग घेऊन मुंबईच्या टॉवरमध्ये बसता येत नाही; टॉवरचे रेटिंग असलेल्याला अप्रोच पाहता येत नाही. प्रत्येक बदलीनंतर आणि प्रत्येक नव्या कामासाठी पुन्हा विद्यार्थी व्हावे लागते. वीस वर्षे नोकरी झालेला माणूसही नव्या ठिकाणी आपल्याहून लहान सहकाऱ्याच्या देखरेखीखाली बसतो. ज्यांना एकदा शिकून मोकळे व्हायचे आहे त्यांनी हे नीट ऐकावे.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना सर्वांत जास्त धास्ती इंग्रजीची असते. तिचे कारण खरे आहे, पण तिचा आकार चुकीचा आहे. 12 नोव्हेंबर 1996 च्या संध्याकाळी हरियाणातल्या चरखी दादरीच्या आकाशात सौदी अरेबियाचे बोइंग 747 आणि कझाकस्तानचे आयएल-76 यांची टक्कर झाली. 349 जण गेले, कोणीही वाचले नाही. दिल्लीच्या कंट्रोलरने उड्डाण केलेल्या सौदी विमानाला 14,000 फुटांवर आणि उतरत येणाऱ्या कझाक विमानाला 15,000 फुटांवर थांबवले होते. समोरून येणाऱ्या विमानाची कल्पनाही दिली होती. कझाक विमान दिलेल्या उंचीच्या खाली आले. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीत त्या चालकदलाच्या अपुऱ्या इंग्रजीचा मुद्दा पुढे आला. या आणि अशा अपघातांनंतर वैमानिक व कंट्रोलर यांच्यासाठी जगभर भाषाप्रावीण्याचे सहा स्तर ठरले आणि 2008 पासून किमान चौथा स्तर सक्तीचा झाला. चौथ्या स्तरावर असलेल्याला दर तीन वर्षांनी पुन्हा चाचणी द्यावी लागते.

चौथ्या स्तराला विलायती उच्चार लागत नाहीत. उच्चारावर मातृभाषेची छाप चालते, फक्त ती समजण्याच्या आड येता कामा नये. नेहमीचे बोलणे ठरलेल्या शब्दांत होते. वैमानिकाने सूचना परत म्हणून दाखवायची आणि कंट्रोलरने ती कान देऊन तपासायची, ही या कामाची शिस्त. खरी कसोटी ठरलेले शब्द संपतात तिथे लागते: प्रवाशाला हृदयविकाराचा झटका आला, चाक बाहेर येत नाही, केबिनमध्ये धूर आहे. तेव्हा कोरियन किंवा रशियन वैमानिकाचे मोडके इंग्रजी समजून घेऊन स्वच्छ उत्तर द्यावे लागते. हे जिल्ह्याच्या गावातल्या मुलाला किंवा मुलीला दोन वर्षांच्या रोजच्या सरावाने जमते. रोज मोठ्याने वाचावे, ऐकलेले आकडे लिहून पडताळावेत, फोनवर इंग्रजीत बोलायची भीड मोडावी. आवाजाच्या चाचणीत पाहिले जाते ते हेच, बोलणे स्पष्ट आणि न अडखळता येते का.

वैद्यकीय तपासणीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. कंट्रोलरसाठी तिसऱ्या वर्गाचे वैद्यकीय मानक आहे. चष्मा चालतो, रंग ओळखणे, ऐकू येणे आणि मनाचे स्वास्थ्य काटेकोर तपासतात, आणि ही तपासणी नोकरीभर ठरावीक काळाने होत राहते.

शरीराची खरी परीक्षा पाळ्यांची. सकाळ, दुपार, रात्र असे चक्र फिरत राहते. दिवाळी, गणपती, लग्नाचा मुहूर्त काहीही असो. कन्सोलवर सलग बसण्याच्या वेळेला मर्यादा आहे आणि मधे विश्रांती सक्तीची आहे, कारण थकलेला माणूस आपण थकलो आहोत हे स्वतः ओळखत नाही. 1 जुलै 2002 च्या रात्री जर्मनीतल्या युबरलिंगेनच्या आकाशात दोन विमाने आदळून 71 जण गेले, त्यांत शाळकरी मुले बरीच होती. त्या रात्री झ्युरिकच्या केंद्रात एकच कंट्रोलर दोन कन्सोल सांभाळत होता. दुसरा विश्रांतीला गेला होता, दूरध्वनीची मुख्य यंत्रणा देखभालीसाठी बंद होती. एका माणसावर किती भार टाकायचा हा प्रश्न व्यवस्थापनाचा असतो. त्याचे उत्तर मात्र खुर्चीवरच्या माणसाला द्यावे लागते.

आपल्याकडे हा प्रश्न आजचा आहे. विमान वाहतुकीच्या सुरक्षेचा आढावा घेणाऱ्या संसदीय समितीने ऑगस्ट 2025 मध्ये कंट्रोलरांची कमतरता आणि थकवा यांवर स्पष्ट बोट ठेवले. त्यानंतर तीनच महिन्यांनी, नोव्हेंबरच्या सुरुवातीला, दिल्लीत उड्डाणांचे संदेश पोहोचवणारी स्वयंचलित यंत्रणा बंद पडली. कंट्रोलरांना उड्डाणांच्या योजना हाताने हाताळाव्या लागल्या आणि शेकडो विमाने रखडली. यंत्र बिघडले की काम माणसाच्या हातावर येते, आणि तेव्हा पुरेशी माणसे नसतील तर ऐनवेळी ती आणता येत नाहीत. भरतीचे आकडे मात्र लाटांसारखे वर-खाली होतात: 2022 मध्ये 400 जागा, 2023 मध्ये 496, 2025 मध्ये 309. जाहिरात निघाल्यापासून स्वतंत्रपणे काम करणारा कंट्रोलर तयार होईपर्यंत काही वर्षे जातात, मोठ्या विमानतळाच्या अप्रोचसाठी आणखी. विमान कंपन्या शेकडो विमानांची मागणी आज नोंदवत असतील, तर ती हाताळणारी माणसे आजच वर्गात असायला हवीत. दरवर्षी ठरलेल्या महिन्यात, ठरलेल्या संख्येने भरती व्हावी, ही मागणी उमेदवारांची सोय म्हणून नव्हे, सुरक्षेचा भाग म्हणून केली पाहिजे.

प्राधिकरणाबाहेरही एक दालन आहे, ते सैन्यदलांचे. पुण्याचे लोहगाव हवाई दलाचे, म्हणून पुण्याला उतरणाऱ्या प्रवासी विमानाशी बोलतो तो हवाई दलाचा कंट्रोलर. गोव्याच्या दाबोळीला ते काम नौदल करते. 2023 च्या जानेवारीपासून सुरू झालेल्या मोपाला मात्र प्राधिकरण. नाशिकच्या ओझरची धावपट्टी हिंदुस्थान एरोनॉटिक्सची. नौदलात अभियंत्यांना अल्पसेवा अधिकारी म्हणून थेट एअर ट्रॅफिक कंट्रोल शाखेत प्रवेश मिळतो, केरळातल्या एळिमला अकादमीतून; हवाई दलात ही वाट एएफकॅट परीक्षा आणि मुलाखत मंडळातून जाते. तिथे आधी अधिकारी व्हावे लागते आणि कंट्रोलर नंतर. ज्याला गणवेशाची ओढ आहे त्याने ही दारेही ठोठवावीत; ज्याला ती नाही, त्याने केवळ टॉवरसाठी इकडे येऊ नये. परदेशाचे आकर्षण असणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की भारतीय रेटिंग तिकडे जसेच्या तसे चालत नाही. आखातात गेलेले अनुभवी भारतीय कंट्रोलरही तिथे नव्याने शिकून, नव्याने परीक्षा देऊनच हेडसेट लावतात.

8 ऑक्टोबर 2025 रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. मुंबईच्या जुन्या, सांताक्रूझच्या विमानतळापासून हवेतले अंतर थोडके, जवळच जुहूची हेलिकॉप्टर, आणि सगळ्यांसाठी आकाश एकच. या परिसरात एकसारखी दिसणारी धावपट्टी केवढा घोटाळा करू शकते, हे 1972 मध्ये दिसले आहे. जपान एअरलाइन्सचे एक विमान सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड पट्टीवर उतरले होते. आता दोन मोठ्या विमानतळांच्या येणाऱ्या-जाणाऱ्या वाटा एकमेकींपासून अलग ठेवायच्या तर अप्रोचमध्ये नवी सेक्टर, म्हणजे आकाशाचे नवे विभाग, लागतील, आणि प्रत्येक सेक्टरला चोवीस तास रेटिंग असलेली माणसे लागतील. आज पनवेल-उरणच्या महाविद्यालयात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असलेली मुलगी सारे सुरळीत झाले तर आणखी सहा-सात वर्षांनी त्या कन्सोलवर बसू शकते. तिने या वर्षी भौतिकशास्त्रासोबत गणित घेतलेले असले पाहिजे.